वादग्रस्त सरकारला मान्यता: मित्रदेशांनी एकत्रच ठरवावं का? (१९५० चं चीन प्रकरण)

रावपुरेकर (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या वाचनमंडळात तालिबानवरून चांगलीच जुंपली. रशियाने जुलै २०२५ मध्ये त्यांच्या सरकारला मान्यता दिली. भारताने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काबूलच्या तांत्रिक कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला, पण मान्यतेचा शब्द काढला नाही. यावर एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं पडलं की असल्या बाबतीत मित्रदेशांनी मिळून ठरवावं, कुणी एकट्याने पुढे जाऊ नये. मला ते अजिबात पटलं नाही. का, ते सांगायला १९५० चं चीन प्रकरण काढतो.

१ ऑक्टोबर १९४९ ला माओंनी पेकिंगमध्ये (आताचं बीजिंग) नवं कम्युनिस्ट सरकार जाहीर केलं. वर्षअखेर च्यांग कै-शेक यांचं सरकार तैवानवर गेलं. आपणच चीनचं सरकार, असा दोघांचाही दावा. सोव्हिएत रशियाने दुसऱ्याच दिवशी पेकिंगला मान्यता दिली. डिसेंबरात ब्रह्मदेश, ३० डिसेंबरला भारत, आणि ६ जानेवारी १९५० ला ब्रिटन. अमेरिकेची मान्यता कधी? १ जानेवारी १९७९! एप्रिल १९४९ मध्ये नाटोच्या करारावर शेजारी बसून सह्या करणारे हे दोघे, आणि चीनचं सरकार कुठलं यावर त्यांच्या मान्यतेत २९ वर्षांचं अंतर.

ब्रिटनचा हिशोब उघड होता. हाँगकाँग ताब्यात, शांघायमध्ये इंग्रज कंपन्यांच्या गिरण्या, गोद्या, बँका अडकलेल्या, आणि भारत आधीच पुढे गेलेला. शिवाय मुलखावर ज्याची हुकमत पक्की तेच सरकार, ही त्यांची जुनी रीत. परराष्ट्रमंत्री बेव्हिन मजूर पक्षाचे; पण विरोधी बाकावरचे चर्चिलसुद्धा नोव्हेंबर १९४९ मध्ये कॉमन्समध्ये म्हणाले होते की राजनैतिक संबंध कुणाचा गौरव करायला नसतात, सोयीसाठी असतात.

अमेरिकेचा राग समजण्यासारखा होता. ईशान्य चीनमधल्या मुकदेन शहरातले त्यांचे वाणिज्यदूत अँगस वॉर्ड यांना कम्युनिस्टांनी वर्षभर नजरकैदेत ठेवलं होतं. १४ जानेवारी १९५० ला पेकिंगमधली अमेरिकी वकिलातीची मालमत्ताही ताब्यात घेतली. त्यात त्यांच्या संसदेत च्यांगचे पाठीराखे जबर, आणि ‘चीन कुणी घालवला’ म्हणून रोज आरडाओरडा.

माझं मत स्वच्छ आहे. ब्रिटनने मान्यता दिली ते योग्यच केलं, पण दोस्ताला दुखवू नये म्हणून ती अर्धवट दिली आणि त्यामुळे फळ हातचं गेलं. तुम्हाला काय वाटतं?

---

सूरसागर

रुमाल टाकून ठेवते. संध्याकाळी सविस्तर लिहिते, विषय जिव्हाळ्याचा आहे.

---

मकरपुरा जीआयडीसी

काका, धंदेवाल्याच्या बाजूने सांगतो. आमच्या वर्कशॉपमध्ये तैवानमधल्या तायचुंगचं मशीन आहे. ते बसवायला तिकडून इंजिनियर आला, त्याला व्हिसा मिळाला तैपेईतल्या ‘इंडिया तैपेई असोसिएशन’कडून. आम्ही ट्रेनिंगला गेलो तेव्हा आमचे कागद दिल्लीच्या तैपेई सांस्कृतिक केंद्रात गेले. ना कुठे राजदूत, ना दूतावासाची पाटी. भारत तैवानच्या सरकारला मान्यता देत नाही, तरी १९९५ पासून हे असंच चाललंय आणि स्पेअर पार्ट वेळेवर येतात. मग मान्यतेवाचून अडतं कुठे? मित्रदेश एवढं भांडले कशाला?

---

न्यायमंदिरासमोर

मकरपुरावाले भाऊ, सगळं सुरळीत चाललेलं असतं तोवर अडत नाहीच. मालकीवरून वाद कोर्टात गेला की अडतं. मान्यतेचं खरं वजन तिथे कळतं.

आमच्या एका अशिलाच्या सोसायटीत दोन कमिट्या झाल्या होत्या. दोघींकडे ठराव, दोघींकडे शिक्के. बँकेला कोण चांगलं कोण वाईट याच्याशी देणंघेणं नव्हतं. चेकवर कुणाची सही चालवायची एवढंच तिला हवं होतं. ते ठरेना म्हणून खातं गोठवलं, आणि सभासद पाण्याच्या टँकरचे पैसे खिशातून भरत बसले.

आता हाँगकाँगचं बघा. नोव्हेंबर १९४९ मध्ये दोन चिनी विमान कंपन्यांचे प्रमुख पेकिंगच्या बाजूला गेले. १२ विमानं उडवून चीनमध्ये नेली, उरलेली ७१ काई ताक विमानतळावर उभी. डिसेंबरात च्यांगच्या सरकारने हीच विमानं अमेरिकी जनरल चेनॉल्ट आणि त्यांच्या भागीदाराला विकून टाकली. तीन-चार आठवड्यांत ब्रिटनची मान्यता आली पेकिंगला! हाँगकाँगच्या कोर्टाने म्हटलं, चीनचं मान्य सरकार पेकिंगचं, तेव्हा विमानंही त्यांचीच. इकडे अमेरिका खवळली. मे १९५० मध्ये लंडनने खास हुकूम काढला की मालकीचा निकाल लागेपर्यंत विमानं हलवायची नाहीत. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत, गेलं आणि जुलै १९५२ मध्ये निकाल लागला. विक्री ६ जानेवारीच्या आधीची, तेव्हा ब्रिटनच्या लेखी च्यांगचंच सरकार खरं, आणि नंतर दिलेली मान्यता मागे जाऊन तो व्यवहार मोडू शकत नाही. विमानं चेनॉल्टच्या कंपनीला मिळाली.

म्हणजे मान्यता कुणाला, आणि ती कोणत्या तारखेला, या दोन गोष्टींवर ७१ विमानांचा निकाल लागला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी हा खटला आवर्जून वाचायला सांगतो.

---

खंडेराव मार्केट

वकीलसाहेब, काय सांगता! ७१ विमानं अडीच वर्षांवर नुसती उभी? पार्किंगचं भाडं कुणी दिलं असेल?

---

अलकापुरी

धागाकर्त्यांशी असहमत. ब्रिटनला मिळालं काय? पेकिंगने त्यांच्या माणसाला राजदूत म्हणून घेतलंच नाही. मान्यता दिली तरी संबंध जोडायच्या वाटाघाटी करायला आलेला प्रतिनिधी, एवढीच त्याची किंमत. प्रभारी दूत पातळीवरचे संबंध जुळायला जून १९५४ उजाडलं. राजदूत नेमले मार्च १९७२ मध्ये. मधल्या काळात शांघायमधल्या इंग्रज कंपन्या कर आणि कामगारांच्या मागण्यांखाली पिळून निघाल्या आणि सगळं सोडून बाहेर पडल्या. २२ ऑगस्ट १९६७ ला तर जमावाने पेकिंगमधलं ब्रिटिश कार्यालयच जाळलं.

दोस्ताला दुखवून वर हे असं फळ. अमेरिका ठाम राहिली. शेवटी १९७२ मध्ये निक्सन गेले ते आपल्या अटींवर गेले.

---

रावपुरेकर

अलकापुरी, तुमच्या तारखा सगळ्या बरोबर आहेत, पण कारण दुसरंच आहे. पेकिंगने ब्रिटनला का ताटकळत ठेवलं ते बघा. मान्यता दिल्यावर आठवड्याभरात, १३ जानेवारी १९५० ला, सुरक्षा परिषदेत रशियाचा ठराव मतास आला की च्यांगच्या प्रतिनिधीला बाहेर काढा. बाजूने तीन मतं: रशिया, युगोस्लाव्हिया आणि भारत. विरोधात सहा, त्यात अमेरिका आणि फ्रान्स. ब्रिटनने काय केलं? नॉर्वेसह तटस्थ! म्हणजे ६ तारखेला सांगितलं, तुम्हीच चीनचं सरकार, आणि १३ तारखेला चीनच्या खुर्चीवर दुसरा बसलेला असताना हात वर केला नाही. भर म्हणून तैवानमध्ये तामसुईला त्यांची वाणिज्य वकिलातही चालू, तीही १९७२ पर्यंत. पेकिंगने विचारलं, नक्की कुणाला मानता? याचं सरळ उत्तर लंडनकडे नव्हतं.

आणि त्या मतदानाचे पुढचे परिणाम तर फार मोठे झाले. ठराव पडल्यावर रशियाचे प्रतिनिधी मलिक सभात्याग करून निघून गेले आणि ऑगस्टपर्यंत आलेच नाहीत. जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं तेव्हा रशियाची खुर्ची रिकामी, त्यामुळे नकाराधिकार वापरायला कुणी नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली फौजा पाठवायचा ठराव मंजूर झाला.

---

खंडेराव मार्केट

रशियाने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला म्हणायचा.

---

मांडवी

थोडं अवांतर, पण बडोद्याचं आहे म्हणून राहवत नाही. सरकार कुणाचं हे ठरवण्यावरून दोस्तांत फूट पडल्याचं उदाहरण शोधायला चीनला जायची गरज नाही, आपल्या मल्हारराव महाराजांचंच घ्या. १८७५ साली इंग्रज सरकारचे बडोद्यातले प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घातल्याचा आरोप आला. चौकशी आयोगात सहा जण. तीन इंग्रज, आणि तीन आपले: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रजांनी दोषी ठरवलं, आपल्या तिघांनी दोष शाबीत धरला नाही. तीनास तीन! तरी एप्रिलमध्ये इंग्रज सरकारने गैरकारभाराचं कारण पुढे करून महाराजांना गादीवरून काढलंच. मग जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याहून आलेल्या गोपाळरावांना दत्तक घेतलं आणि आपल्याला सयाजीराव मिळाले.

---

न्यायमंदिरासमोर

मांडवीकर, माहिती उत्तम, पण हे उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे एक सार्वभौम सत्ता आणि तिच्या अंकित संस्थानं. मान्यतेचा प्रश्न बरोबरीच्या देशांत येतो. ब्रिटनने मान्यता दिली म्हणून वॉशिंग्टन त्यांना गादीवरून काढू शकत नव्हतं.

---

मांडवी

कागदोपत्री शिंदे आणि गायकवाड दोघेही इंग्रजांचे दोस्तच म्हणवले जात. आणि मला सांगायचंय ते एवढंच की जयाजीरावांनी दोस्ती सांभाळूनही सरकारी बाजूच्या विरोधात मत नोंदवलं. ग्वाल्हेरचं काही वाकडं झालं नाही. मित्र असणं म्हणजे प्रत्येक कागदावर त्याच्याच खाली सही करणं नव्हे. रावपुरेकर काका वेगळं काय म्हणतायत?

---

सूरसागर

आले. अलकापुरी म्हणतात ब्रिटनला काय मिळालं. मी उलट विचारते, मान्यता न देऊन अमेरिकेला काय मिळालं?

ऑक्टोबर १९५० च्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकी फौजा कोरियात ३८ व्या अक्षांशापर्यंत पोचल्या होत्या. मध्यरात्र उलटल्यावर चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताच्या राजदूतांना, सरदार पणिक्करांना, उठवून बोलावून घेतलं आणि सांगितलं की अमेरिकी सैन्याने रेषा ओलांडली तर चीन युद्धात उतरेल. बोलावलं पणिक्करांनाच, कारण वॉशिंग्टनचा माणूस पेकिंगमध्ये नव्हता. तो निरोप दिल्लीमार्गे, लंडनमार्गे अमेरिकेला पोचला. तिकडे म्हणाले, पणिक्कर कम्युनिस्टांकडे झुकलेले, त्यांचं काय ऐकायचं! त्याच महिन्यात चिनी फौजा यालू नदी ओलांडून आल्या. त्यानंतर पावणेतीन वर्षं माणसं मरत राहिली. अमेरिकेचा स्वतःचा राजदूत तिथे असता, त्याने चौंच्या चेहऱ्याकडे बघून तोच निरोप दिला असता, तर तो एवढ्या सहज झटकून टाकता आला असता का? मला नाही वाटत.

दुसरं, १९५१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा जपान करार. जपानच्या आक्रमणात सगळ्यात जास्त होरपळला चीन. त्या चीनला तहाच्या मेजावर जागाच नाही! ब्रिटन म्हणे पेकिंगला बोलवा, अमेरिका म्हणे तैपेईला. अमेरिकेचे डलेस आणि ब्रिटनचे मॉरिसन यांनी तोडगा काढला की दोघांनाही बोलवायचं नाही, कुणाशी तह करायचा ते जपान पुढे ठरवेल. प्रत्यक्षात डलेसनी डिसेंबरात पंतप्रधान योशिदांकडून तैपेईशीच तह करू असं पत्र लिहून घेतलं. लंडनमध्ये परराष्ट्रमंत्री ईडन संतापले, पण करतात काय? भारत त्या परिषदेला गेलाच नाही. आपण जपानशी ९ जून १९५२ ला स्वतंत्र तह केला. हे मला फार अभिमानाचं वाटतं.

त्यामुळे दोस्तांनी एकत्र राहावं हे ऐकायला छान असलं तरी त्या एकोप्याची किंमत मेजावर नसलेला माणूस भरतो.

---

मकरपुरा जीआयडीसी

ताई, पणिक्करांचा प्रसंग माहीत नव्हता. सेव-उसळीचा रस्सा गार झाला वाचता वाचता.

---

कारेलीबाग

सूरसागर, लिहिलंय छान, पण ‘ज्याचा ताबा त्याला मान्यता’ हा नियम मला भीतिदायक वाटतो. उद्या कुणी रणगाडे घालून राजधानी घेतली की झालं सरकार? राष्ट्राच्या लोकांना काही विचारायचं की नाही?

---

सूरसागर

भीती खरी आहे. पण ताबा न बघता फक्त गट बघितला की काय होतं त्याचं उदाहरण कंबोडिया आहे. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या फौजांनी पोल पॉटला हाकलून हेंग सामरिन यांचं सरकार बसवलं. परकी फौजांनी बसवलेलं सरकार, आक्षेप रास्तच होता. पण त्यासाठी अमेरिका, चीन आणि आसियान देशांनी मिळून संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची कुणाकडे ठेवली? पोल पॉटच्याच राजवटीकडे! ज्यांनी लाखो माणसं मारली त्यांचा प्रतिनिधी न्यूयॉर्कला कंबोडियाच्या नावाने बसत होता. ब्रिटनने डिसेंबर १९७९ मध्ये पोल पॉट राजवटीची मान्यता काढून घेतली, पुढे ऑस्ट्रेलियानेही. भारताने जुलै १९८० मध्ये सरळ हेंग सामरिन सरकारला मान्यता दिली आणि त्याबद्दल बरंच ऐकूनही घेतलं. तिथे दोस्तांचा एकोपा टिकला असता तर बरं झालं असतं असं कोण म्हणेल?

---

कमाटीबाग

बांगलादेश विसरलात का सगळे? भारत ६ डिसेंबर १९७१, ब्रिटन फेब्रुवारी १९७२, अमेरिका एप्रिल १९७२. चीनने तर ऑगस्ट १९७५ पर्यंत लावलं.

---

न्यायमंदिरासमोर

कमाटीबाग, ती नव्या राष्ट्राला मान्यता. इथे विषय आहे राष्ट्र तेच, पण सरकार कुठलं. दोन्ही वेगळं. या दुसऱ्या प्रकारातून सुटायला मेक्सिकोने १९३० मध्येच सांगून टाकलं की आम्ही परक्या सरकारांना मान्यता देण्या-न देण्याचा उद्योग करणार नाही, फार तर आपला दूत ठेवू किंवा परत बोलावू. ब्रिटननेही १९८० मध्ये जाहीर केलं की यापुढे राष्ट्रांना मान्यता देऊ, सरकारांना वेगळी देणार नाही.

---

पूर्वीची बडोदेकर, आता मिसिसॉगा

वकीलकाका, पण १९८० चं ते धोरण त्यांना पाळता आलं नाही! व्हेनेझुएला बघा. जानेवारी २०१९ मध्ये विरोधी नेते ग्वायदोंनी स्वतःला हंगामी अध्यक्ष जाहीर केलं. अमेरिकेने आणि आमच्या कॅनडाने त्याच दिवशी मान्यता दिली. युरोपात ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, जर्मनी काही दिवसांनी आले. इटलीने नकार दिला, त्यामुळे युरोपीय संघाला एक आवाजात बोलताच आलं नाही. राजधानी, सैन्य, खजिना सगळं तेव्हा सत्तेवर असलेल्या मादुरोंकडेच. आणि बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीतलं व्हेनेझुएलाचं सोनं कुणाच्या सहीने निघणार, यावर लंडनच्या कोर्टात वर्षानुवर्षं खटला. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारने अध्यक्ष म्हणून ग्वायदोंना मान्यता दिली आहे, न्यायालय त्याच्या पलीकडे जाणार नाही. वर्षभराने व्हेनेझुएलाच्या विरोधकांनीच ग्वायदोंचं हंगामी सरकार गुंडाळलं.

इथे माझ्या शेजारी एक व्हेनेझुएलाचं कुटुंब आहे. पासपोर्टची मुदत संपली तेव्हा नूतनीकरण कुठे करायचं हेच त्यांना कळेना. कॅनडाने ज्यांना सरकार मानलं ते पासपोर्ट छापत नव्हते, आणि जे छापत होते त्यांची इथली वकिलात बंद. मुलाच्या कॉलेजचा अर्ज त्यात अडकला. हा त्रास मी समोर पाहिलाय, म्हणून मला सूरसागरताईंचं पटतं. ज्याच्या हातात कारभार आहे त्याच्याशी बोलायची वाट बंद करू नये, दोस्त काहीही म्हणोत.

---

अलकापुरी

पासपोर्टचा मुद्दा वजनदार आहे. तरी माझा मूळ प्रश्न तसाच आहे. १९५० मध्ये दोस्त एकत्र राहिले असते, दोघांनी मिळून पेकिंगकडे अटी घातल्या असत्या, तर काही पदरात पडलं नसतं का? फुटल्यामुळे दोघांचीही किंमत कमी झाली.

---

रावपुरेकर

मिळून अटी घालायला आधी दोघांना मान्यता द्यायची तरी हवी ना! अमेरिकेला ती द्यायचीच नव्हती, निदान तेव्हा. आणि दोस्तासाठी थांबलेल्यांचं काय झालं ते कॅनडाकडे बघून कळतं. १९५० मध्ये ओटावाची तयारी होत आली होती. ते थांबले, कोरिया पेटलं आणि मान्यतेला ऑक्टोबर १९७० उजाडलं.

पूर्ण मान्यता कशी द्यायची ते फ्रान्सने दाखवलं. द गॉल यांनी २७ जानेवारी १९६४ ला जाहीर केलं, अमेरिका नाराज होणार हे माहीत असून. तैपेईशी संबंध स्वतःहून तोडले नाहीत, पण पेकिंगशी राजदूत पातळीवरच संबंध जोडले. दोन आठवड्यांत तैपेईनेच फ्रान्सशी संबंध तोडले आणि पॅरिसपुढचा पेच सुटला. काही महिन्यांत फ्रान्सचे राजदूत पेकिंगमध्ये होते, ब्रिटनच्या आठ वर्षं आधी. ब्रिटनने मान्यता दिली होती फ्रान्सच्या चौदा वर्षं आधी! अलकापुरी, १९५४, १९६७, १९७२ या तुमच्या तारखांचा दोष मी म्हणूनच मान्यतेला देत नाही, तिच्या अर्धवटपणाला देतो.

---

कारेलीबाग

मग काबूलचं काय? दूतावास उघडला, मान्यता नाही. तुमच्या हिशोबाने हेही अर्धवटच झालं. पण तिथे सहावीच्या पुढे मुलींना शाळा बंद आहे. मी स्वतः शिक्षिका आहे. त्या सरकारचा भारताने उद्या पूर्ण स्वीकार केला तर मला ते सहन होणार नाही.

---

रावपुरेकर

ताई, ब्रिटनने तोंडाने मान्यता दिली आणि मताने नाकारली. भारताने काबूलमध्ये मान्यता दिलेलीच नाही, तेव्हा शब्द फिरवल्याचा आरोप येत नाही. दूतावासातला माणूस व्हिसा देईल, औषधं पोचवील, तिथल्या आपल्या माणसांकडे बघेल आणि मुलींच्या शाळांबद्दल समोरासमोर विचारीलही. दिल्लीतून पत्रक काढून ते होणार नाही.

---

कारेलीबाग

विचारील असं तुम्ही म्हणता. विचारलं का, आणि उत्तर काय आलं, हे जाहीर व्हायला हवं. तोवर माझं मत बदलत नाही.

---

सूरसागर

कारेलीबागताईंच्या या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. आणि मान्यता द्यायचीच झाली तर रशियाने दिली म्हणून नको, अमेरिकेने नाही दिली म्हणूनही अडायला नको.